कपडे तुर्की, माणसं युरोपची

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक छोटंसं तैलचित्र आहे. भिंतीलगतच्या बैठ्या गादीवर दोघं बसली आहेत. बाईच्या हातात लांब दांडीचा तंबूर, अंगावर तऱ्हेतऱ्हेचे पदर. पुरुषाच्या डोक्याला पागोटं, अंगात पायघोळ काफ्तान, हातात लांब नळीची चिलीम. इस्तंबूलमधल्या एखाद्या खानदानी घरातली दुपार असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तो पुरुष लेव्हेट नावाचा इंग्रज व्यापारी आहे. बाई एलेन ग्लावानी, क्रिमियात पूर्वी फ्रान्सचा वाणिज्यदूत असलेल्या गृहस्थाची मुलगी. चित्र साधारण १७४० च्या सुमारास खुद्द इस्तंबूलमध्ये काढलेलं आहे आणि चित्रकार झाँ-एत्येन ल्योतार जिनिव्हाचा.

चित्रातला प्रत्येक कपडा अस्सल आहे. तुर्की माणूस मात्र त्यात एकही नाही.

युरोपच्या चित्रकारांना तुर्की पोशाखाची जी भुरळ पडली ती चारशे वर्षं टिकली, आणि तिच्यावर खूप लिहिलं गेलं आहे. ते वाचताना माणूस गोंधळतो, कारण कुणी याला कलेचा निर्मळ आनंद म्हणतं, तर कुणी साम्राज्यवादी नजर. मला वाटतं, एक धागा हातात धरला की गुंता बराच सुटतो. या चित्रांत कपडा बहुतेक वेळा खरा असतो, पण त्याच्या आतला माणूस दुसराच असतो. तो कोण आहे आणि त्याने तो कपडा का चढवला, हे प्रत्येक चित्राला विचारायचं. उत्तर प्रत्येक शतकात वेगळं मिळतं.

धाक आणि देवघेव

१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सुलतान दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं. पुढे १५२९ मध्ये आणि पुन्हा १६८३ मध्ये ऑटोमन फौजा थेट व्हिएन्नाच्या तटाला भिडल्या. म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे वर्षं युरोपला तुर्कांचा खराखुरा धाक होता. पण धाक होता म्हणून व्यापार थांबला नव्हता. रेशीम, गालिचे, मसाले, रंग हे सगळं त्याच बाजूने येत होतं, आणि व्हेनिस शहर तर या व्यापारावरच जगत होतं.

१४७९ मध्ये व्हेनिसने सुलतानाशी तह केला. तेव्हा मेहमेदने व्हेनिसकडे एक चांगला चित्रकार मागितला आणि व्हेनिसने आपला नामांकित चित्रकार जेंतिले बेल्लिनी पाठवून दिला. त्याने काढलेलं मानलं जाणारं, २५ नोव्हेंबर १४८० अशी तारीख असलेलं सुलतानाचं चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. लाल काफ्तान, रुंद फरची गळपट्टी, लाल टोपीभोवती गुंडाळलेलं भरगच्च पांढरं पागोटं. हा त्या परंपरेतला दुर्मिळ नमुना, कारण इथे कपडा ज्याचा आहे तोच तो घालून बसला आहे. चित्रकार पाहुणा होता आणि मर्जी सुलतानाची होती.

बेल्लिनी परत आला तो रेखाटनं घेऊन. ती रेखाटनं हातोहात फिरली. जर्मनीचा आल्ब्रेख्त ड्यूरर व्हेनिसला गेला तेव्हा त्याने बेल्लिनीच्या तुर्कांवरून स्वतःचे तुर्क काढून घेतले. इथून पुढे एक सवय लागली. ज्यांनी कधी तुर्क पाहिला नाही त्यांना कागदावरचा तुर्क मिळू लागला.

त्याचा उपयोग कुठे झाला, तर बायबलच्या चित्रांत. येशूच्या काळचे लोक कसे दिसत, काय नेसत, हे कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. पण जेरुसलेम आता मुसलमानी राज्यात होतं आणि तिथली माणसं पागोटी बांधत, हे ठाऊक होतं. मग जुन्या करारातले राजे, पुरोहित, व्यापारी सगळे काफ्तानात आणि पागोट्यात रंगवले जाऊ लागले. डच चित्रकार रेम्ब्रांटकडे हे भरभरून दिसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं १६३२ चं एक मोठं चित्र आहे. फरचा झगा, सोनेरी झळाळीचं पागोटं, पोटापुढे टेकवलेली काठी. चेहरा मात्र ॲमस्टरडॅमच्या एखाद्या म्हाताऱ्याचा. अशी चित्रं कुणा एका व्यक्तीची नसत. नुसता एक 'चेहरा' म्हणून ती काढली जात आणि लोक हौसेने विकत घेत. व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी त्याच जातीची. निळं आणि पिवळं फडकं तिने ज्या तऱ्हेने डोक्याला बांधलं आहे, तसं त्या काळी हॉलंडमध्ये मुली बांधत नसत.

रेम्ब्रांटबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या बाजूची आहे. उतारवयात त्याच्या हाती मुघल लघुचित्रं आली आणि त्याने वीसहून अधिक चित्रांच्या आपल्या हाताने नकला केल्या. शाहजहान, जहांगीर, त्यांचे जामे, पटके, मोजड्या. एरवी जाडजूड रेषा ओढणारा हा माणूस या रेखाटनांत किती हळुवार झाला आहे ते पाहण्यासारखं आहे. तुर्कस्तान असो की हिंदुस्थान, त्याच्यासाठी तो सगळा एकच 'पूर्वेकडचा मुलूख' होता. पण पाहताना त्याने घाई केली नाही.

जे पाहता येत नव्हतं ते

पुरुषांचे कपडे रस्त्यावर दिसत, दरबारात दिसत. बायकांचं काय? खानदानी घरातल्या तुर्की बायकांना परका पुरुष पाहूच शकत नव्हता. फ्रेंच राजदूताबरोबर १५५१ मध्ये इस्तंबूलला गेलेला निकोला द निकोले हा चित्रं काढण्यात तरबेज होता आणि त्याला बायकांचे पोशाख हवे होते. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की राजवाड्यातल्या एका खोजाशी त्याने ओळख काढली. त्या खोजाने बाजारातून उंची कपडे आणवले, गावातल्या दोन वेश्यांना ते चढवले आणि निकोलेने त्या दोघींवरून 'खानदानी तुर्की स्त्री' काढली. ही चित्रं १५६० च्या दशकात छापून निघाली आणि पुढची कित्येक वर्षं युरोपभरचे चित्रकार त्यांवरून आपल्या सुलताना बेतत राहिले.

या साऱ्या परंपरेचं मूळ मला या प्रसंगात दिसतं. कपडे बाजारातून आणलेले, अंग भाड्याचं, आणि चित्राखाली नाव तिसऱ्याच कुणाचं.

दीडशे वर्षांनी आलेला जाँ-बाप्तिस्त व्हान मूर पुष्कळ प्रामाणिक. १६९९ मध्ये तो फ्रेंच राजदूत फेरिओलबरोबर इस्तंबूलला आला आणि १७३७ मध्ये तिथेच वारला. फेरिओलने त्याच्याकडून शंभर चित्रं काढून घेतली. सुलतान, वजीर, जानिसारी शिपाई, दर्वेशी, आर्मेनियन, ग्रीक, ज्यू, अल्बेनियन, प्रत्येक जण आपापल्या पेहरावात. १७१४ मध्ये त्यांचा छापील संग्रह पॅरिसमध्ये निघाला आणि त्याच्यावर चित्रकारांच्या उड्या पडल्या. व्हेनिसमध्ये राहणाऱ्या शूलेनबुर्ग नावाच्या सेनापतीने १७४० च्या दशकात आंतोनियो ग्वार्दीकडून तुर्की देखाव्यांची ४३ चित्रं काढून घेतली. ग्वार्दी कधी तुर्कस्तानात गेला नव्हता, त्याने व्हान मूरचीच पानं समोर ठेवली. आणि हा शूलेनबुर्ग कोण? १७१६ मध्ये कोर्फू बेटावर तुर्कांचा वेढा परतवून लावणारा. ज्यांच्याशी जिवाच्या कराराने लढला, त्यांचीच चित्रं त्याने भिंतीभर लावली.

ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये व्हान मूरची चित्रं मोठ्या संख्येने आहेत. त्यांतलं एक चांगलं निरखून पाहावं. डच राजदूत कॉर्नेलिस काल्कून १७२७ मध्ये सुलतान तिसऱ्या अहमदसमोर उभा आहे. त्याचे दोन्ही दंड दरबारच्या माणसांनी धरून ठेवले आहेत, हा सुरक्षेचा रिवाज. त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या युरोपियन कपड्यांवरून भरजरी काफ्तान चढवलेले आहेत. हे काफ्तान दरबाराने दिलेले. सुलतानासमोर यायचं तर सुलतानाने दिलेल्या वस्त्रात यायचं. आपल्याला ही रीत नवी नाही. मुघल दरबारची खिलत हीच. आग्र्याला १६६६ मध्ये शिवाजी महाराजांचा मान राखला गेला नाही त्यात खिलतीचाही भाग होता, आणि पेशवेपद मिळणं म्हणजे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मिळणं. कापड अंगावर टाकणं म्हणजे नातं ठरवणं, हे काल्कूनला इस्तंबूलमध्ये अंगावर घेऊनच कळलं.

ऑटोमन समाजात कपड्याला असंच वजन होतं. कुणी कोणत्या रंगाचे जोडे घालायचे, कुणाचं पागोटं केवढं, याची फर्मानं निघत. पिवळे जोडे मुसलमानांचे, इतरांना वेगळे रंग. पागोट्याच्या घडीवरून हुद्दा कळे, आणि माणूस गेल्यावर थडग्याच्या दगडावर त्याचं पागोटं कोरलं जाई. म्हणजे तिथल्या माणसाला जे कायद्याने बांधलेलं होतं, ते युरोपच्या माणसाला हौसेने घालता आणि उतरवता येत होतं. ही मोकळीक लक्षात ठेवली की पुढची चित्रं जास्त कळतात.

दाढीवाला ल्योतार

व्हिएन्नाचा वेढा १६८३ मध्ये फसला. १६९९ च्या तहात ऑटोमनांना हंगेरीचा बहुतेक मुलूख सोडावा लागला. धाक ओसरला आणि त्याची जागा कुतूहलाने घेतली. १७२१ मध्ये सुलतानाचा राजदूत मेहमेद एफेंदी पॅरिसमध्ये आला तेव्हा त्याला बघायला रस्ते भरले. त्याचा मुलगा सईद १७४२ मध्ये राजदूत होऊन आला. तोवर पॅरिसच्या घरांत तुर्की दिवाण आणि गाद्या, नाचांच्या समारंभांत तुर्की वेष, असा थाट सुरू झाला होता.

या लाटेवर ल्योतारइतका मनापासून कुणी स्वार झाला नाही. १७०२ मध्ये जिनिव्हाला जन्मलेला हा माणूस १७३८ मध्ये एका तरुण इंग्रज उमरावाच्या प्रवासात सोबत म्हणून इस्तंबूलला पोचला आणि चार वर्षं राहिला. त्याने तिथलेच कपडे अंगाला लावले. मोल्दाव्हियात गेल्यावर छातीपर्यंत दाढी वाढवली आणि १७४३ मध्ये तसाच व्हिएन्नात उतरला. लोक त्याला 'तुर्की चित्रकार' म्हणू लागले. त्याला ते आवडलंही असावं, कारण १७४४ च्या, आता फ्लॉरेन्सच्या उफित्सीमध्ये असलेल्या आत्मचित्रावर त्याने हे नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. पॅरिस, लंडन, सगळीकडे तो काफ्तान आणि दाढीनिशी फिरला. १७५६ मध्ये लग्न झालं तेव्हा दाढी गेली.

हे धंद्याचं डोकं होतं, यात शंका नाही. त्याच्या पेटाऱ्यात खरे तुर्की कपडे होते आणि युरोपातल्या बायका ते घालून त्याच्यासमोर बसत. पण त्याची चित्रं जवळून पाहिल्यावर नुसत्या धंद्यावर बोळवण करवत नाही. जिनिव्हाच्या संग्रहालयात त्याचं पेस्टलमधलं एक चित्र आहे, हमामला आलेली बाई आणि तिची छोटी दासी. बाई इस्तंबूलच्या पेरा भागात राहणारी, युरोपियन वंशाची. दोघींच्या पायांत वीतभर उंचीच्या लाकडी खडावा, ओल्या फरशीवर चालण्यासाठी. बोटांची टोकं मेंदीने तांबूस झालेली. कपड्याची वीण, अस्तर जिथे उलटतं ती कड, कमरेला शेला आवळल्यावर रेशमाला पडलेली चुणी, सगळं दिसतं. मागची भिंत जवळजवळ कोरी. अंधारं गूढ दालन नाही, धूप नाही, पडदे नाहीत. उजेड आहे आणि दोन बायका कामाला निघाल्या आहेत.

ल्योतार कुंचल्याचे फटकारे दिसू देण्याच्या विरुद्ध होता. निसर्गात फटकारे नसतात, मग चित्रात कशाला, असं त्याचं म्हणणं. १७८१ मध्ये त्याने चित्रकलेवर ग्रंथ लिहिला तेव्हाही हाच आग्रह धरला. त्यामुळे आज वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याची चित्रं उपयोगी पडतात. माणसं कुणाचीही असोत, शिवण खरी आहे.

चित्रकाराला आणि बसणारीला काय मिळत होतं

त्या काळी उच्चभ्रू युरोपियन बाईचा पोशाख म्हणजे एक सापळाच होता. आत देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांची आवळलेली काचोळी, खाली कमरेच्या दोन्ही बाजूंना हातभर पसरलेला सांगाडा, त्यावर कापड. या पोशाखात बाई उभी राहू शके किंवा ताठ बसू शके. रेलणं, पाय पोटाशी घेणं, मांडी घालणं अशक्य. तुर्की पोशाखात सैल सुरवार, पातळ सदरा, अंगाबरोबरचा अंतारी नावाचा झगा, वरून काफ्तान आणि कमरेला पट्टा. म्हणजे चित्रकाराला नुसता नवा कपडा मिळाला नाही, नव्या बैठकी मिळाल्या. बाई गादीवर मांडी घालून पुस्तक वाचते आहे, असं चित्र त्या कपड्यामुळे शक्य झालं.

दुसरा फायदा काळाचा. फॅशन दहा वर्षांत शिळी होते आणि तिच्याबरोबर चित्रही. इंग्लंडचा नावाजलेला चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स विद्यार्थ्यांना बजावत असे की चालू फॅशनच्या आहारी जाऊ नका, पोशाखाला थोडी जुन्या काळाची झाक द्या. तुर्की झगा त्या कामी सोयीचा होता. तो कुठल्याच वर्षाचा वाटत नसे.

तिसरी गोष्ट सत्तेची, आणि ती मादाम द पाँपादूरच्या चित्रात सगळ्यात स्पष्ट दिसते. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, त्याची ही आवडती. तिने बेलव्ह्यू इथल्या आपल्या वाड्यात एक तुर्की खोली सजवली आणि १७५० च्या दशकात कार्ल व्हान लो या चित्रकाराकडून तिथे लावायला चित्रं काढून घेतली. एका चित्रात ती स्वतः सुलताना होऊन गादीवर बसली आहे आणि कृष्णवर्णीय दासी तिला कॉफी देते आहे. तोवर राजाशी तिचे शरीरसंबंध संपले होते, पण दरबारातलं वजन तसंच होतं. सुलतानाच्या जनान्यात जशी एक मानाची स्त्री, तसं माझं स्थान, हे तिने कपड्यातून सांगितलं. कित्येक अभ्यासक चित्र असंच वाचतात आणि मला ते पटतं. मात्र माझी नजर त्या दासीवर अडते. पॅरिसमध्ये तेव्हा पोचणारी कॉफी मोठ्या प्रमाणात कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच मळ्यांतून येत होती आणि तिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. चित्रातली तुर्की सजावट तो कपभर इतिहास झाकून टाकते.

व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया तेरेसाचंही तुर्की वेषातलं, हातात मुखवटा घेतलेलं चित्र आहे. १६८३ मध्ये तुर्क वेशीवर आले तेव्हा राजधानी सोडून जावं लागलेला सम्राट लिओपोल्ड हा तिचा आजोबा. दोन पिढ्यांत त्या शत्रूचा पोशाख नाचाच्या रात्रीचा पोशाख झाला होता.

लेडी मेरीचं पत्र, अँग्रचं चित्र

१७१७ मध्ये इंग्लंडच्या राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ऑटोमन मुलखातल्या एदिर्ने शहरी पोचली. १ एप्रिल १७१७ च्या पत्रात तिने बहिणीला आपला नवा तुर्की पोशाख कळवला आहे. गुलाबी किनखाबाची, चंदेरी फुलांची सुरवार, इतकी सैल की पाय घागऱ्याहूनही जास्त झाकले जातात. सोन्याच्या कशिद्याचे पांढऱ्या कातड्याचे जोडे. झिरझिरीत रेशमाचा सदरा, गळ्याशी हिऱ्याची गुंडी. चार बोटं रुंद कमरपट्टा. वाचताना कळतं की हे कपडे पाहणारीने लिहिलेलं नाही, घालणारीने लिहिलेलं आहे.

त्याच काळातल्या दुसऱ्या पत्रात ती सोफियाच्या हमामचं वर्णन करते. तिथे सुमारे दोनशे बायका होत्या, पण परक्या वेषातल्या बाईला कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. त्यांनी तिला कपडे उतरवून स्नानाला बसायचा आग्रह केला. तिने सदरा उघडून आतली काचोळी दाखवली, तेव्हा त्या बायकांची समजूत झाली की नवऱ्याने हिला या यंत्रात कुलूपबंद करून ठेवलंय. तिने पुढे हेही लिहिलं की बुरख्यामुळे तुर्की बायकांना ओळख लपवून कुठेही जाता येतं, त्या आमच्याहून मोकळ्या आहेत. अर्थात ती उच्च वर्गातल्या बायकांतच वावरली होती, तेव्हा हे सगळ्यांना लागू नाही. पण कोंडलेलं कोण, हा प्रश्न तिने उलटा करून दाखवला. ही पत्रं ती गेल्यावर १७६३ मध्ये छापली गेली.

आता शंभर वर्षं पुढे. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीर्स घेतलं. पूर्वेकडचा मुलूख आता ताब्यात येण्याजोगा वाटू लागला होता आणि चित्रांतही बदल झाला. अठराव्या शतकातल्या चित्रकारांनी तुर्की कपडा हौसेने अंगावर चढवला होता, एकोणिसाव्या शतकातल्यांनी तो बाईच्या अंगावरून उतरवला. फ्रेंच चित्रकार अँग्रने १८१४ मध्ये काढलेल्या पहुडलेल्या 'ओदालिस्क'च्या, म्हणजे जनान्यातल्या दासीच्या, अंगावर पागोटं, दागिने आणि हातात मोरपिसांचा पंखा एवढंच उरलं आहे. बाकी सगळी पाठ, तीही मणके जास्त असल्यासारखी लांबलेली. अँग्र तुर्कस्तानात कधीच गेला नाही. त्याने लेडी मेरीच्या हमामच्या पत्रातले उतारे वहीत उतरवून घेतले होते आणि १८६२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, 'तुर्की स्नानगृह' पुरं केलं. एकमेकींत गुंतलेल्या नग्न देहांची गर्दी. पुढ्यातली पाठमोरी वादक तर त्याने १८०८ मध्येच काढलेल्या एका स्नान करणाऱ्या बाईवरून उचललेली. लेडी मेरीच्या पत्रातला अदब, चेष्टा, त्या काचोळीचा प्रसंग, काहीच त्यात नाही. पत्र बाईचं होतं, तिथे आत जाऊन आलेल्या बाईचं, आणि त्यातून फक्त नग्नता वेचली गेली. चित्र म्हणून ते थोर आहे हे मला मान्य आहे, तरी ही गोष्ट मला दर वेळी सलते.

आणि हे चित्र काही वर्षांतच विकत घेतलं कुणी, तर पॅरिसमध्ये राहणाऱ्या खलील बे या ऑटोमन मुत्सद्द्याने.

दुसरी वाट तेव्हाही उघडी होती. हेन्रिएत ब्राऊन या नावाने चित्रं काढणारी फ्रेंच चित्रकर्ती १८६० मध्ये इस्तंबूलला गेली, बाई असल्यामुळे जनान्यात जाऊ शकली, आणि १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात तिने तिथल्या भेटीचं चित्र लावलं. साध्या, मोकळ्या दालनात पायघोळ कपड्यातल्या बायका पाहुण्यांचं स्वागत करताहेत. अँग्रचं चित्र त्यानंतर एका वर्षाने पुरं झालं.

इथे कपड्यांचा एक आडवा प्रवासही नोंदवतो. १८५१ मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या बायकांनी लांब घागरे टाकून आखूड झग्याखाली सैल तुर्की सुरवार घातली. वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर टर उडवली, पण बायकांनी पायांत कपडा घालण्याची चर्चा तिथून थांबली नाही.

इस्तंबूलने कपडे बदलले

सगळ्यात मोठी विसंगती अशी की युरोपचे चित्रकार पागोटी रंगवत होते तेव्हा इस्तंबूल ती उतरवत होतं. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ मध्ये सरकारी नोकरांना पागोटं बंद केलं आणि फेज टोपी, कोट, विजार लागू केली. धर्मावरून ओळखू येणारे वेष पुसून सगळे एकसारखे दिसावेत, हा एक हेतू. म्हणजे फ्रेंच चित्रकार दलाक्रवाने १८३४ मध्ये 'अल्जीर्सच्या बायका' रंगवल्या तोवर इस्तंबूलचा कारकून कोटात कचेरीला जात होता. चित्रकारांना हे रुचलं नाही. जाँ-लेओन जेरोमसारखे लोक जुनं सामान गोळा करून जुनीच दुनिया उभी करत राहिले. त्याच्या 'गारुडी' या १८७९ च्या सुमाराच्या चित्रात भिंतीवरच्या निळ्या फरशा टोपकापी राजवाड्यातल्या, आणि पुढे बसलेली माणसं, हत्यारं, पोशाख ठिकठिकाणचे. प्रत्येक तपशील फोटोसारखा अचूक, एकत्र केल्यावर कुठलंच ठिकाण होत नाही. पश्चिमेने पूर्वेची प्रतिमा कशी घडवली यावरच्या एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या 'ओरिएंटलिझम' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र होतं, ते उगीच नाही.

उत्तर देणारा चित्रकार इस्तंबूलचाच निघाला. उस्मान हमदी बे, जन्म १८४२, पॅरिसमध्ये शिकलेला, पुढे ऑटोमन पुराणवस्तू संग्रहालयाचा प्रमुख आणि कलाशाळेचा संस्थापक. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी त्याने साम्राज्यातल्या प्रांतोप्रांतीच्या पोशाखांचा फोटोंचा ग्रंथ तयार करवून घेतला. चित्रांत मात्र तो जेरोमसारखंच जुनं सामान मांडतो. फरक माणसांत आहे. त्याची माणसं ताठ उभी राहतात, ग्रंथ वाचतात, वाद घालतात, बाई तंद्रीत वाद्य वाजवते. १९०६ च्या 'कासवं शिकवणारा' या चित्रात लाल झग्यातला वाकलेला म्हातारा, पाठीशी धरलेली बासरी, आणि जमिनीवर पाला खाणारी कासवं. तो म्हातारा म्हणजे स्वतः उस्मान हमदी. एरवी कोट आणि फेज घालणारा हा माणूस जुने कपडे चढवून स्वतःचे फोटो काढून घेई आणि त्यांवरून रंगवी. म्हणजे वेष त्यानेही चढवला, पण घरातल्याच पेटीतला. २००४ मध्ये हे चित्र सुमारे ३५ लाख डॉलरला विकलं गेलं, आता ते इस्तंबूलच्या पेरा संग्रहालयात आहे.

आणखी एक चित्र, १९१५ चं. राजवाड्यातल्या बायका युरोपियन झग्यांत पियानो, व्हायोलिन आणि चेलो वाजवताहेत, शेजारी बेटहोव्हेनचा अर्धपुतळा आहे. चित्राचं नाव 'हरममध्ये बेटहोव्हेन', चित्रकार ऑटोमन राजपुत्र अब्दुलमजीद. लष्करी पोशाखात ऐकत बसलेला पुरुष तोच. चारशे वर्षं बाहेरच्यांनी कल्पनेने रंगवलेलं दालन इथे घरच्याने आतून रंगवलं, आणि तिथे त्याने कुणाला गादीवर लोळवलं नाही.

हा अब्दुलमजीद १९२२ मध्ये शेवटचा खलिफा झाला आणि १९२४ मध्ये हद्दपार. त्याची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीसला निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी झालं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि खुलताबादजवळ खलिफासाठी कबरीची इमारतही बांधली गेली होती, जरी त्याचं दफन शेवटी मदिनेत झालं. ऑटोमन घराण्यातली दुर्रुशेहवार हैदराबादला आल्यावर साडी नेसू लागली. इंग्रज छायाचित्रकार सेसिल बीटनने काढलेले तिचे साडीतले फोटो उपलब्ध आहेत. ती साडी समारंभापुरती चढवलेली नव्हती. ती तिथे बरीच वर्षं राहिली, आणि लहान मुलांसाठीचं तिच्या नावाचं इस्पितळ जुन्या हैदराबादमध्ये पुरानी हवेलीपाशी आहे.